चाकं आरशासारखी, पण नटाचं काय? अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांची पॉलिश आणि आपल्या गाडीमालकांच्या कामाच्या गोष्टी

रात्रीची जेवणं आटोपून पारावर मोबाईल बघत बसलेल्या पोरांना हल्ली एक व्हिडिओ हमखास दिसतो. लांब नाकाचा अमेरिकन ट्रक उभा आहे. त्याचं चाक काळपट, पांढुरके डाग पडलेलं. एक माणूस त्यावर गरगर फिरणारं कापडी बफ धरतो आणि बघता बघता त्या चाकात त्याचं स्वतःचं तोंड दिसायला लागतं. मग दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला प्रश्न येतो, "आपल्या गाडीला असं करता येईल का?" ऊस वाहतुकीच्या गाड्या गळीत हंगामाआधी रंगरंगोटीला लागतात, तेव्हा तर हा प्रश्न जास्तच विचारला जातो.

सरळ उत्तर असं की आपल्याकडच्या बहुतेक ट्रकची चाकं लोखंडाची असतात आणि त्यांना रंग असतो. लोखंड घासून चमकलं तरी पहिल्या पावसात गंजतं. व्हिडिओतलं चाक ॲल्युमिनियमचं असतं, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत 'जर्मन'चं. ज्या धातूची पातेली घरात आहेत त्याच धातूचं, पण तापवून प्रचंड दाबाखाली घडवलेलं, म्हणजे फोर्जिंगचं. पातेल्यासारखं ते चेपत नाही. अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीनं ट्रकसाठी असं घडीव चाक १९४८ साली पहिल्यांदा केलं आणि आज तिकडच्या मालवाहू गाड्यांवर ते सर्रास दिसतं.

तिकडं ते आलं ते वजनासाठी. चमक नंतरची. अमेरिकेत ज्याला 'सेमी' म्हणतात तो म्हणजे पुढं घोडा आणि मागं ट्रेलर. घोड्याला पुढं २ आणि मागं जोडीजोडीनं ८ अशी १० चाकं, ट्रेलरला ८. एकूण १८. तिथल्या महामार्गांवर गाडी आणि माल मिळून ८० हजार पौंड, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर, एवढीच साधारण मर्यादा. त्याच्या पुढं जायचं तर वेगळा परवाना लागतो. गाडी स्वतः जितकी हलकी तितका माल जास्त भरता येतो. लोखंडाचं २२.५ इंची चाक ३० किलोच्या वर भरतं, ॲल्युमिनियमचं २० ते २३ किलोच्या घरात. एका चाकामागं १० ते १२ किलो धरले तर १८ चाकांचे २०० किलोच्या आसपास होतात. दूध, सिमेंट, इंधन असा माल वजनावर नेणाऱ्याला प्रत्येक फेरीत तेवढा माल जास्त नेता येतो. थर्माकोल किंवा रिकामे खोके नेणाऱ्याला मात्र या २०० किलोचा काहीच फायदा नाही, कारण त्याची गाडी वजनाच्या आधी जागेनं भरते.

आता हाच हिशेब आपल्या १० चाकी गाडीला लावून बघा. १० चाकांमागं फार तर १०० ते १२० किलो वाचतील, म्हणजे कांद्याच्या दोन गोण्या. ऊस टनावर जातो, त्यामुळं प्रत्येक खेपेला तेवढा ऊस जास्त बसेल हे खरं. पण १० चाकांची किंमत त्यातून वसूल व्हायला किती हंगाम लागतील, हे ज्यानं त्यानं कागदावर मांडून बघावं. आणि जी गाडी आधीच मर्यादेच्या वर भरून चालते, तिला हलक्या चाकाचा काय उपयोग, हाही प्रश्न आहेच.

घासायचं कशासाठी?

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, पण हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. तो थर खरं तर धातूचं रक्षण करतो, मात्र चाक मळकं, पांढुरकं दिसायला लागतं. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चाकावर बसलं की धातूला बारीक बारीक खड्डे पडतात. त्यात ब्रेकची काळी धूळ. वर्ष दोन वर्षं हात लावला नाही तर चाक पार राखाडी होऊन जातं.

कंपनीच्या नोकरीवरचा चालक याकडं फारसं बघत नाही. घासत बसतो तो मालक-चालक, म्हणजे स्वतःची गाडी स्वतः चालवणारा. गाडी हप्त्यावर घेतलेली असते, आठवड्यातले बरेच दिवस तीच त्याचं घर असते, आणि भाडं देणाऱ्या कंपनीच्या दारात गाडी उभी राहते तेव्हा माणसाच्या आधी गाडी दिसते. आपल्याकडं बैलाची शिंगं रंगवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आयोवा राज्यात वॉलकॉट इथं 'आयोवा ८०' नावाचा मोठा ट्रक थांबा आहे, १९६४ पासूनचा. तिथं दर जुलैमध्ये ट्रकवाल्यांची जत्राच भरते आणि सजवलेल्या ट्रकची स्पर्धा होते. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्येही मोठं ट्रक प्रदर्शन भरतं. अशा ठिकाणी रोज माल वाहणाऱ्या गाडीला मान वेगळा असतो. फक्त मिरवायला ठेवलेली गाडी चमकणारच, त्यात नवल ते काय? लाखो मैल चाललेली गाडी चमकते तेव्हा मालकाचा हात कळतो.

पण घासण्याचा खरा फायदा जाणत्या ट्रकवाल्याला माहीत असतो. चाक घासताना माणूस अर्धा तास त्याच्यासमोर बसतो. बोटं सगळ्या भोकांच्या कडेनं फिरतात. केसाएवढी चीर, नटापासून निघालेला काळा ओघळ, हबमधून गळणारं ऑइल, टायरची एका बाजूची झीज हे सगळं तेव्हा दिसतं. चिखलानं माखलेल्या चाकावर यातलं काही कळत नाही. अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की चाक तडकलेलं नसावं, बोल्टची भोकं लांबट झालेली नसावीत आणि नट ढिला किंवा गायब नसावा. रस्त्यावरच्या पूर्ण तपासणीत ३७ टप्पे असतात आणि तडकलेलं चाक सापडलं तर गाडी जाग्यावर थांबवतात. छत्तीस टन हाकणाऱ्या गाडीचं चाक सुटून समोरच्या मोटारीवर गेलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

पॉलिश होते कशी

व्हिडिओत शेवटचं अर्धं मिनिट दाखवतात. आधीची मेहनत कापलेली असते.

पहिलं काम धुण्याचं. साधा साबण आणि पाणी. चाक थंड असताना, सावलीत. ताज्या फेरीवरून आलेली गाडी ब्रेकमुळं तापलेली असते, तिच्यावर काही टाकायचं नाही. तीव्र ॲसिड तर अजिबात नाही. धुलाई केंद्रावर झटपट चमक आणणारं जे ॲसिड मारतात त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते धातू खातं आणि माणसाच्या कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. कॉस्टिक सोडाही तसाच, ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. घरात जर्मनचं पातेलं धुण्याच्या सोड्यानं काळं पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल.

मग वॉटर पेपर. खोल ओरखडा असेल तरच ३२० नंबरपासून सुरुवात, नाहीतर ४०० पासून, मग ६००, मग ८०० आणि पुढं. प्रत्येक नवा पेपर आधीच्या रेघांना आडवा मारायचा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. घाई करणारा इथं चुकतो. ४०० ची रेघ राहून गेली तर नंतर कितीही बफ मारा, उन्हात ती दिसतेच.

त्यानंतर बफ. कापडाच्या घड्यांचं चाक मशीनला लावून त्यावर पॉलिशची वडी टेकवतात. आधी तपकिरी, जरा खरबरीत, ती कापते. मग बारीक वडी, ती चमक आणते. दोन्हींसाठी बफ वेगळं, नाहीतर खरबरीत कण बारीक कामात येतात. यासाठी लागणारं मशीन कमी वेगाचं असतं, मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांचं. आपल्याकडं प्रत्येक फॅब्रिकेशनच्या दुकानात जो चार इंची ग्राइंडर असतो त्याचा वेग १० हजारांच्या वर असतो. त्याला मोठं कापडी बफ लावलं तर ते फाटून उडतं किंवा चाकाच्या भोकात अडकून हात पिरगळतं. चष्मा, तोंडाला मास्क, अंगात सैल शर्ट किंवा गळ्यात टॉवेल नको. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर ती पेटते, म्हणून त्याच कोपऱ्यात लोखंड ग्राइंड करायचं नाही, वेल्डिंगही नाही.

बफ झाल्यावर चाकावर काळा चिकट मळ राहतो. तो काढायला तिकडचे जुने ट्रकवाले काय वापरतात? गव्हाचं पीठ. दुकानात मिळणारा साधा मैदा चाकावर भुरभुरतात आणि मऊ फडक्यानं पुसतात. पीठ तेलकट मळ ओढून घेतं आणि ओरखडा उठत नाही. शेवटी हातानं मलम आणि वरून मेणाचा हात.

एवढं करून किती चाकं घासायची? सगळी १८ नाही. जोड चाकातलं आतलं दिसत नाही, म्हणून बरेच जण आत लोखंडी चाक ठेवतात आणि बाहेर ॲल्युमिनियमचं. घोड्याची दिसणारी चाकं ६ आणि ट्रेलरची ४. काही चाकं कारखान्यातूनच विशेष प्रक्रिया करून येतात, ती नुसती धुवायची असतात. त्यांच्यावर पेपर मारला की वरचा थर जातो आणि महागाचं चाक साध्या चाकाच्या रांगेत येऊन बसतं.

आणखी एक. चाकावर कोरलेले आकडे असतात, माप, किती भार झेपतो ते, बनवल्याची तारीख. चमकवण्याच्या नादात ते घासून काढणारे महाभाग तिकडंही आहेत. ते आकडे गेले की त्या चाकावर किती भार टाकायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

जीव अडकतो तो स्टडमध्ये

लोखंडी चाक काढून ॲल्युमिनियमचं बसवताना सगळ्यात मोठी चूक इथं होते. लोखंडी चाकाची नटाखालची जाडी साधारण १ सेंटिमीटर. ॲल्युमिनियमच्या चाकाची त्याच्या दुप्पट. मागच्या जोड चाकात दोन चाकं एकावर एक बसतात, म्हणजे जाडी आणखी वाढली. स्टड मात्र तेवढेच. मग नट वरवर चार आटे धरतो, बाहेरून घट्ट वाटतो, आणि भरलेल्या गाडीचा हिसका बसला की आटे सुटतात. म्हणून चाक बदलायचं तर त्या जाडीला लागणारे लांब स्टड आणि त्या चाकाचेच नट घ्यावे लागतात. नट पूर्ण आवळल्यावर स्टडचं टोक नटाच्या तोंडाशी किंवा त्याच्या बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. आत राहिलं तर ती गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

तिकडच्या २२ मिलिमीटर स्टडच्या नटांना ४५० ते ५०० फूट-पौंड, म्हणजे साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर एवढा जोर टॉर्क पान्यानं मोजून देतात. मग ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळतात, कारण चाक हबवर बसतं तसा नट किंचित सैल पडतो. आपल्याकडं एल पान्याला चार फुटी पाइप घालून दोघं जण त्यावर उभे राहतात. त्यानं स्टड ताणला जातो. ताणलेला स्टड दिसायला चांगला असतो, तुटतो तो घाटात. आपल्या गाडीला किती जोर लागतो तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, अमेरिकेचा आकडा इथं लावू नये.

लोखंडी चाकवाल्यांनाही यातली एक गोष्ट तंतोतंत लागू आहे. दसऱ्याच्या आधी डिस्क काढून रंगवतात. रंग पुढच्या बाजूला लावला तर हरकत नाही. पण जिथं डिस्क हबला टेकते, जिथं दोन डिस्क एकमेकींना टेकतात आणि जिथं नट बसतो, तिथं रंगाचे तीन-चार हात चढले तर नट रंगावर आवळला जातो. गाडी चालली की तो रंग दबतो, चुरा होतो, आणि आवळलेला नट आपोआप ढिला पडतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नव्या रंगाच्या गाडीचं चाक डुगडुगलं तर नशिबाला दोष देण्याआधी ही जागा बघावी. तिथला रंग तारेच्या ब्रशनं काढून धातूवर धातू बसवायचा. ॲल्युमिनियमच्या चाकालाही या जागेवर मेण किंवा पॉलिश चालत नाही.

आणि वेल्डिंग. डिस्क तडकली की वेल्डरकडं नेऊन टाका मारायची आपल्याकडं सवय आहे. ॲल्युमिनियमच्या चाकाला वेल्डिंग, तापवून सरळ करणं यातलं काहीच चालत नाही, उष्णतेनं त्याची ताकदच जाते. आगीत सापडलेलं चाकही बाद. लोखंडी डिस्क तडकली असली तरी ती बादच धरावी. टायर चढवलेल्या डिस्कला वेल्डिंग तर कधीच नाही, हवा सोडलेली असली तरीही. आतलं रबर तापून वायू धरतं आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. तसंच २० इंची ट्यूबच्या जुन्या रिंगवाल्या चाकांचं. नट ढिले करायच्या आधी जोडीतल्या दोन्ही टायरची हवा सोडायची आणि हवा भरताना रिंगच्या समोर उभं राहायचं नाही. पंक्चरच्या दुकानात लोखंडी पिंजरा असेल तर तिथंच हवा भरून घ्यावी, चार रुपये जास्त गेले तरी.

गाडीत पैसा घालायचाच तर

अमेरिकेतला हिशेबी मालक चकाकीच्या आधी डिझेल बघतो. ११ तास गाडी चालवल्यावर तिथं सलग १० तास विश्रांती सक्तीची आहे. थंडीत वा उन्हाळ्यात एसी-हीटरसाठी इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जातं, म्हणजे रात्रभरात ३० लिटर. म्हणून ते वेगळं छोटं इंजिन किंवा बॅटरीवरचा एसी बसवतात. टायरमधली हवा आपोआप राखणारी यंत्रणा, ट्रेलरच्या खाली वारा अडवणाऱ्या पट्ट्या, एलईडी दिवे ही त्यानंतरची कामं. क्रोमचा बंपर आणि उंच नळकांडी सगळ्यात शेवटी, आणि तो खर्च हौसेचा आहे हे तेही मान्य करतात.

एक सुधारणा तिथंही बेकायदा आणि इथंही, ती म्हणजे धुराची यंत्रणा काढून टाकणं. आपल्याकडं बीएस-६ गाड्यांत 'युरिया' भरायचा खर्च वाचवायला सेन्सर फसवून देणारे मिस्त्री फिरतात. पुढं गाडी पासिंगला गेली की हे बाहेर येतं.

कायद्याचंही बघून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की गाडीच्या मूळ नोंदलेल्या तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही. मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वेगळ्या मापाचं चाक, बाहेर आलेला टायर, डोळे दिपवणारा दिवा हे अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेअरला आधी दिसतं. त्यामुळं चाक बदलण्याआधी कंपनीच्या डीलरकडून माप लिहून घ्यावं आणि आरटीओत विचारावं. आणि ऊसगाडीला मागची रिफ्लेक्टरची पट्टी आधी लावावी. अंधारात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला आपली गाडी दिसते ती त्या पट्टीमुळं, चमकणाऱ्या चाकामुळं दिसत नाही.

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी एक बिनखर्चाचा उपाय आहे. परदेशात नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे बाण बसवतात, शेजारशेजारचे बाण एकमेकांकडं टोक करून. नट फिरला की बाणाचं टोक सरकतं आणि लांबून कळतं. आपल्याकडं तेच काम ऑइलपेंटनं होतं. नट नीट आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून डिस्कवर सरळ एक रेघ ओढायची. क्लीनरनं सकाळी आणि गाडी भरल्यावर एक फेरी मारायची. रेघ तुटलेली दिसली की गाडी तिथंच उभी करायची आणि पाना काढायचा.